न रडणारं बाळ

कबनूरचं यंत्रमागाचं काम सोडून मी कोल्हापुरातल्या नर्सच्या या ट्रेनिंग सेंटरात व्हीआरचे हेडसेट सांभाळायला लागलो. लोकांना वाटलं, बायको गेली म्हणून याचं गावात मन रमत नसेल. मला एवढंच कळत होतं की जिल्ह्यातल्या सगळ्या नर्स इथं कधी ना कधी येणार. क्रांती सिस्टरसुद्धा.

आमचं बाळ मेलेलंच आलं, असं बाळंतपण केलेल्या याच सिस्टरनं सांगितलं होतं. माझी बायको प्रियदर्शनी म्हणत राहिली, "त्यानं आवाज केलता. मी ऐकलाय." माझी आई तिला गप्प करायची. मेलेल्या पोराचं कसलं बारसं, म्हणत आईनं त्याला नावही ठेवू दिलं नाही. पुढं प्रियदर्शनी जेवेनाशी झाली. कावीळ झाली आणि गेली.

सोमवारी सिस्टर आली. तिनं मला ओळखलं नाही. मी तिच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला, दोन्ही हातांत रिमोट दिले. तिला आत जे दिसतं ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसतं. आत नुकतं जन्मलेलं खोटं बाळ असतं; ते रडणार की नाही, हे माझ्या हातातल्या टॅबलेटवर ठरतं. मी न रडणारं बाळ लावलं.

बाळाला पुसायचं, मान सरळ करायची, नाकातोंडावर मास्क धरून फुगा दाबायचा, हे धैर्यशील डॉक्टरांनी नुकतंच शिकवलं होतं. पण सिस्टरच्या हातांना जुनी सवय. तिनं बाळाचे दोन्ही पाय धरले, उलटं टांगलं आणि पाठीत चापट्या मारायला लागली.

"अगं बाई, कोंबडी इकायला काढलीस काय?" मागून एक नर्स ओरडली. सगळ्या हसल्या.

डॉक्टर हसले नाहीत. "सिस्टर, मास्क कुठाय?"

"असंच करत आलोय की सर. रडतंय ते."

"हे रडत न्हाय," मी म्हणालो. "आता बाहेर जाऊन काय सांगणार? मेलेलंच आलतं?"

तिचे हात थांबले. हेडसेट काढून ती माझ्याकडं बघत राहिली.

"पावणं, तुम्ही कबनूरचं?"

"व्हय. आमचं पोर मेलेलं आलतं का?"

"जाऊ द्या की आता."

"आलतं का?"

"न्हाय." ती खाली बसली. "आचकं देत हुतं. मास्क कपाटात हुता. मला वापराय येत नव्हता ओ."

ती रडायला लागली. मला दया आली नाही. मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काय रं? म्हशीला पाणी दावायचं हाय, बिगीनं बोल."

"आई, कबनूरच्या सिस्टर बोलत्यात."

सिस्टरनं हात जोडले. "म्हातारीला कशाला?"

"तिनंच माझ्या बायकोला खोटी पाडली. सांगा."

"कृष्णात, बाहेर जाऊन बोला," डॉक्टर म्हणाले. मी हललो नाही.

"मावशी, पोर जित्तं हुतं," सिस्टर म्हणाली. "मी खोटं बोललो."

पलीकडं म्हैस हंबरली. मग आई बारीक आवाजात म्हणाली, "ठेव बाळा फोन."

"ठेवणार न्हाय. प्रियदर्शनी त्याचं कुठलं नाव ठेवणार हुती?"

"कृष्णात..."

"तू तिला ठेवू दिलं न्हाईस. आता तू घे."

"आदर्श," आई म्हणाली.

"मोठ्यानं," मी म्हणालो.