आत दुमडलेलं कापड

"एकाच आकड्यावरून धसका घ्यायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी आईच्या पहिल्या केमोच्या वेळीच लेकीला बजावलं होतं. "रक्तातला कॅन्सरचा मार्कर सुरुवातीला कधीकधी वर उसळतो. कॅन्सरच्या पेशी मरताना तो रक्तात उतरतो. पुढचे रिपोर्ट बघायचे, स्कॅन बघायचा, आणि मुख्य म्हणजे माणूस कसा आहे ते बघायचं. रिपोर्ट आला की आधी मला फोन."

तिने मान डोलावली होती. विज्ञानाची पदवीधर होती ती. एवढं आपल्याला कळतं, असं तिला वाटलं.

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा ती आपल्या लहानग्या चिमीला भरवत होती. लाल अक्षरांतला आकडा मागच्याच्या जवळजवळ दुप्पट. डॉक्टरीणबाईंना सोडून तिने फोन लावला तो दादाला. "आईला बघून जा," एवढंच बोलली आणि रडू लागली.

दुसऱ्याच दिवशी दादा-वहिनी दारात. आईला कोणी काही सांगितलं नाही, पण घराचा आवाजच खाली आला. आईशी हुज्जत घातल्याशिवाय चहा न पिणारा दादा गुमान कप तोंडाला लावून बसला.

"काय रे, साखर कमी पडली म्हणून बोंबलला नाहीस आज? बरा आहेस ना?" आईने विचारलं.

कोणी हसलं नाही.

आई मशीनवर चिमीचा फ्रॉक शिवत होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेले. लहान मुलांच्या कपड्याला खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची तिची सवय. पोर वाढलं की उसवून सोडायचं. चिमी तिच्या गुडघ्याला बिलगली होती. लेक धावली आणि तिने चिमीला ओढूनच काढलं.

"आजीला त्रास नको देऊस! आणि आई, तू तरी आता कशाला जीव दमवतेस? तयार आणू की आपण."

आईचा पाय मशीनवर थांबला. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग लेकाच्या.

"रिपोर्ट आला वाटतं," ती म्हणाली. "मग पुढची केमो राहू द्या. उलट्या करत जायचं नाही मला."

किती विनवण्या केल्या! शेवटी आई दवाखान्यात आली, तीही डॉक्टरीणबाईंचा निरोप घ्यायला म्हणून.

त्यांनी तपासलं, हट्टाने स्कॅन करून घेतला. "आजी, गाठी लहान झाल्यात. औषध लागू पडतंय. वाढलंय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

आईने लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही हो. माझंच मन खुळं."

शेजारच्या खुर्चीत लेक आक्रसून बसली. आई रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी चिमीने नवा फ्रॉक घातला. अंगाला अगदी बेताचा. लेकीने वाकून घेर उलटा करून पाहिला. दुमड नखाएवढी.

"आई, खालचं कापड?"

"कापलं गं त्या दिवशी. म्हटलं, उसवायला कोण असणारेय?" आई सुईत दोरा ओवत होती. "तू उजेडातून सरक जरा. पुढच्या वर्षी झालर लावू खाली."

ती सरकली. हातातला मोबाईल तिने पालथा घातला.

तुमच्याही आतल्या खोलीत असं कोणी आजारी असेल, तर एकदा आत जाऊन या. रिपोर्टचं नंतर बघा. काय चाललंय, एवढंच विचारा, आणि जरा बसा जवळ.