गेलेल्या खेळाडूचा पगार

बेसबॉलच्या एका मोठ्या क्लबने आपला डावखुरा पिचर जुलैत दुसऱ्या क्लबला देऊन टाकला. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आपल्याकडचा बोलर म्हणा. वर्षाला नव्वद लाख डॉलरचा करार, त्यातली अजून दोन वर्षं शिल्लक, आणि खांदा मात्र कराराच्या आधीच संपत आलेला. घेणारा क्लब म्हणाला, माणूस घेतो, पण नव्वद लाखांना नाही. तेव्हा देणाऱ्याने लिहून दिलं की वर्षाचे पस्तीस लाख आम्ही भरत राहू. म्हणजे खेळणार तिकडे, टाळ्या घेणार तिकडे, आणि पगाराचा घसघशीत तुकडा जाणार इकडून.

असल्या पगारांचा हिशेब रवींद्र वझलवार ठेवत. त्यांची कंपनी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात होती आणि तीन क्लबांचे पगार बघायची. खेळत असलेल्या खेळाडूंचे पगार तरुण पोरं बघत. सोडून गेलेल्यांचे वझलवारांकडे. ऑफिसात त्याला ‘डेड मनी’ म्हणत. २००८ च्या ऑक्टोबरात त्यांच्या यादीत असे बावीस गेलेले होते. त्यातला एक तर खेळ सोडून मासे पकडत होता आणि महिन्याला दोनदा पैसे घेत होता.

“अहो, पण जो गेला त्याला कशाला द्यायचे?” त्यांची बायको नीला दरवर्षी एकदा तरी विचारायची.

“सही केलीय म्हणून,” वझलवार सांगायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, नागपूर सोडून पंचवीस वर्षं झाल्यावर, जगाबद्दलचं त्यांचं एकूण मत या तीन शब्दांत मावत होतं.

घरातही एक गेलेला खेळाडू होता. मुलगा अनीश, सव्वीस वर्षांचा. मार्चमध्ये त्याने लॉ स्कूल दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि सेंट पॉलला डेमोक्रॅट पक्षाच्या प्रचार कचेरीत नोकरी धरली. पगार असा, की सांगताना त्याने स्वतःच मान खाली घातली. किचनमध्ये उभ्या उभ्या अर्धा तास बोलाचाली झाली. शेवटी वझलवार म्हणाले, “माझ्या घरात राहून असले धंदे नाहीत,” आणि अनीश म्हणाला, “ओके.” ओकेला उत्तर नसतं. तो गेला. त्याच्या शिक्षणाच्या कर्जावर जामीन म्हणून वझलवारांची सही होती. एक तारखेला चारशे बारा डॉलर त्यांच्या खात्यातून जायचे. एप्रिल, मे, जून, सगळे महिने गेले. फोन एकही नाही.

दाढ काढून आल्यावर गालावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्यांचं मार्चपासून झालं होतं. जेवत होते, गाडी चालवत होते, विनोदावर योग्य जागी हसत होते. फक्त आतपर्यंत काही पोचत नव्हतं. नीला रडून मोकळी झाली, मग तिने अनीशला चोरून डबे पाठवायला सुरुवात केली. वझलवारांना ते माहीत होतं. विचारावंसंही वाटलं नाही.

त्यातच देवांग उभा राहिला. देवांग सोवनी, इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या डॉक्टरांचा मुलगा, इथेच जन्मलेला, अडतीस वर्षांचा, पोह्यांतला कढीपत्ता एकेक करून बशीच्या कडेला मांडणारा. मराठी ‘कसं काय काका’पर्यंत. रिपब्लिकन पक्षाने त्याला वॉशिंग्टनच्या लोकसभेसाठी तिकीट दिलं आणि मंडळाचे उभे दोन भाग झाले. एकेकाळी कुणाच्या आमटीत गूळ यावरून टेबलं वेगळी व्हायची. आता हत्तीच्या चिन्हाचे रिपब्लिकन, म्हणजे हत्तीवाले, एका टेबलावर, गाढवाच्या चिन्हाचे डेमोक्रॅट, म्हणजे गाढववाले, दुसऱ्यावर. श्रीखंडाचं भांडं तेवढं दोन्हीकडे फिरायचं.

प्रसन्न नावाचा पुण्याचा एक चाळिशीतला उत्साही इसम देवांगचा प्रचार हातात घेऊन बसला होता. तो वझलवारांकडे आला. “काका, खजिनदार हवाय. तुमच्याएवढा कोरडा माणूस मला दुसरा माहीत नाही.”

“मला यातलं काही कळत नाही.”

“पैसे आले, लिहायचे. गेले, लिहायचे. यात न कळण्यासारखं काय आहे?”

वझलवारांनी सही केली. कुठल्या पक्षाचं प्रेम होतं म्हणून नव्हे. शनिवार रिकामे होते.

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीच्या जेवणानंतर देवांगचं भाषण झालं आणि दाराशी स्टीलचं ताट ठेवलं. मराठी माणूस चेक फाडून आहेर करत नाही. त्याने पाकीट आणलं, वर बॉलपेनने नाव घातलं, आत एकशे एक डॉलर रोख ठेवले. शंभर म्हणजे व्यवहार झाला. वरचा एक हवाच. चाळीस पाकिटं जमली. त्या रविवारी वझलवारांनी ती डायनिंग टेबलावर मांडली, फोडली आणि एकेक नोंद केली. दोनशे डॉलरच्या आतल्या देणगीदाराचं नाव सरकारला कळवावं लागत नाही, हे त्यांनी पुस्तिकेत वाचलं होतं. तरी त्यांनी सगळ्यांची नावं घातली. नाव नसलेली रक्कम त्यांनी जन्मात लिहिली नव्हती.

एकतिसाव्या पाकिटावर लिहिलं होतं, ‘चि. अनीश रवींद्र वझलवार’.

अक्षर नीलाचं. तीस क्रमांकाच्या पाकिटावर ‘सौ. व श्री.’ तिनेच लिहिलेलं. घरातलं मूल कमावतं झालं की त्याचं पाकीट वेगळं, मग मूल हजर असो वा नसो; तिच्या माहेरची रीत. वझलवार ते पाकीट हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. चहावर साय आली. मग त्यांनी तीसच्या खाली एकतीस घातलं, नाव घातलं, एकशे एक घातले. नाव लिहिताना त्यांना काहीही वाटलं नाही. अक्षर मात्र इतर एकोणचाळीस नावांपेक्षा जरा बरं आलं.

पंधरा ऑक्टोबरला यादी सरकारकडे गेली आणि सरकारी साइटवर सगळ्या जगाला दिसू लागली. सतरा तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी सहाला फोन वाजला.

“बाबा.”

वझलवारांनी टीव्हीचा आवाज बंद केला. सीझनचे शेवटचे मोठे सामने चालू होते आणि तोच डावखुरा नव्या क्लबच्या टोपीत चेंडू टाकत होता. खांदा अचानक बरा झालेला दिसत होता.

“बोल.”

“माझं काम काय आहे, यू नो? समोरच्या पार्टीच्या लिस्ट्स वाचायच्या. कोणी पैसे दिले, कुठून दिले. आज देवांगची वाचली. बाबा, माझं नाव आहे त्याच्यात.”

“हो.”

“हो? जस्ट हो?”

“आईने पाकीट दिलं तुझ्या नावाचं. मी लिहिलं.”

“मी डेमोक्रॅट्सकडे काम करतो आणि रिपब्लिकनला पैसे दिले, असं दिसतंय ते! अख्ख्या अमेरिकेत अनीश वझलवार एकच आहे, बाबा. माझी बॉस सोमवारी ही लिस्ट स्वतः वाचणार. तिला वाटणार मी तिकडचा स्पाय आहे. जॉब जाईल. आणि या लाइनमध्ये एकदा असं झालं की परत कोणी घेत नाही.”

टीव्हीवर कुणीतरी आउट झालं. गर्दी आवाज न करता उठून उभी राहिली.

“आणि अजून एक. ते एकशे एक सगळे कॅश होते ना?”

“तुला कसं कळलं? यादीत लिहिलेलं नाही तसं.”

“बाबा. एकशे एक!” तो हसला, सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही मनाविरुद्ध. “आमच्या ऑफिसात बाकी कोणाला कळलं नाही. मला कळलं. कॅश शंभरच्या वर घेता येत नाही. तो लॉ आहे. तुम्ही प्रत्येकाकडून एक डॉलर जास्त घेतलाय.”

वझलवारांनी मनात चाळीस गुणिले एक केलं. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं.

“तुला काय हवंय?”

“लेखी. मी दिले नाहीत, मला माहीत नव्हतं, असं. ऑफिशियल करेक्शन.”

“दुसऱ्याच्या नावाने पैसे लिहिले असं मी लिहून दिलं, तर तुमचे लोक ते पेपरात देतील.”

“येस.”

“आणि तू?”

“बाबा, तेच तर काम आहे माझं.”

“बरं,” वझलवार म्हणाले. “आईला देऊ?”

“नंतर,” अनीश म्हणाला आणि फोन ठेवला.

नीला किचनच्या दारात उभी होती. सगळं ऐकलेलं तिच्या चेहऱ्यावर होतं. “माझं नाव घाला. मीच केलंय ते. मला काय ठाऊक इथे आहेरालाही कायदा असतो!”

“खजिनदार मी आहे. तू नाहीस.”

“मग लिहा की चुकून झालं.”

“चुकून नाही झालं. अक्षर तुझं आहे हे मला माहीत होतं.”

“मग लिहिलंत कशाला?”

याचं उत्तर कुठल्या रकान्यात बसलं नसतं.

शनिवारी सकाळी प्रसन्नला कळवलं, तर तो वीस मिनिटांत दारात. बूटसुद्धा काढले नाहीत. “काका, यार, सतरा दिवस राहिलेत! चार नोव्हेंबरनंतर करा काय करेक्शन करायचं ते. एका एकशे एकसाठी देवांगला बुडवणार?”

“सोमवारी त्याची नोकरी जाईल.”

“जाऊ दे ना! तो समोरच्यांचा माणूस आहे. तुम्ही आमचे खजिनदार आहात का त्याचे?”

“दोन्हीकडे सही आहे माझी,” वझलवार म्हणाले.

“निदान टायपिंग मिस्टेक लिहा. कोण विचारतंय?”

“मी लिहिलेल्या नावात आजवर टायपिंग मिस्टेक झालेली नाही.” हे त्यांनी अभिमानाने म्हटलं नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं.

प्रसन्नने देवांगला फोन लावून त्यांच्या हातात दिला. देवांग फार सभ्यपणे बोलला. काका, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. वी आर सो ग्रेटफुल. पण टीमच्या दृष्टीने तुम्ही आजच बाजूला झालात तर बरं. वझलवारांना हे वाक्य ओळखीचं वाटलं. खेळाडूला क्लब सोडायला सांगताना जी पत्रं जातात, त्यांच्या प्रती त्यांच्या फायलीत होत्या. सगळ्यांत पहिलं वाक्य कृतज्ञतेचं असतं.

“होतो,” ते म्हणाले. “आधी हिशेब पुरा करतो.”

तो दिवस आणि रविवार त्यांनी डायनिंग टेबलावर काढला. दुरुस्तीचं पत्र सहा ओळींचं झालं. एकतीस क्रमांकाची रक्कम अनीश वझलवार यांची नाही. त्यांच्या आईने ती त्यांच्या नावे दिली. त्यांना याची कल्पना नव्हती. खजिनदाराला होती, तरी त्याने नोंद केली. खजिनदार त्यांचे वडील आहेत. खाली सही.

मग एकतीसचे पूर्ण पैसे परत, आणि उरलेल्या एकोणचाळीस घरांना एकेक डॉलरचा चेक. नीला पाकिटं चिकटवत होती. “शकुनाचा डॉलर परत पाठवतोय आपण. लोक काय म्हणतील?” पुढच्या आठवड्यात लोक काय म्हणाले ते कळलंच. दोघांनी चेक फाडून परत पाठवला, एकाने मंडळाच्या ईमेलवर लिहिलं की वझलवारांनी गणपतीचा अपमान केला, आणि गाढववाल्या टेबलाने त्यांना आपल्याकडे बसायचं आमंत्रण दिलं. ते कुठेच गेले नाहीत. श्रीखंड त्यांना तसंही गोड लागत नव्हतं.

मंगळवारी डेमोक्रॅट कचेरीचं पत्रक निघालं. नीलाने चष्मा लावून ते कॉम्प्युटरवर वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबली. वझलवारांनी पुढे वाचलं. ‘रिपब्लिकन उमेदवाराच्या खजिनदाराची कबुली.’ नाव, गाव, पत्रातलं एक वाक्य जसंच्या तसं. शेवटच्या परिच्छेदात, एकशे एकच का, हे समजावलं होतं: भारतीय कुटुंबांत शंभरावर एक शकुनाचा म्हणून देतात, हा लोभाचा नाही, रिवाजाचा डॉलर आहे, देणाऱ्या कुटुंबांचा यात दोष नाही.

सेंट पॉलच्या त्या कचेरीत हे लिहू शकणारा एकच माणूस होता.

“त्यानेच लिहिलं?” नीलाने विचारलं.

“त्यानेच.”

“स्वतःच्या बापाबद्दल?”

“चांगलं लिहिलंय,” वझलवार म्हणाले. चूक शोधायला त्यांनी ते दोनदा वाचलं होतं. कुठे दुखतंय का, हेही बघितलं. कळत नव्हतं.

“नोकरी राहिली ना पण?”

“राहिली.”

नीलाने कॉम्प्युटर बंद केला आणि कुकर लावायला गेली.

एक नोव्हेंबर शनिवारी आला. निवडणुकीला तीन दिवस होते, कोपऱ्यावरच्या हिरवळीत दोन्ही पक्षांच्या पाट्या एकाच वाऱ्याने आडव्या झाल्या होत्या, आणि तो डावखुरा केव्हाच घरी जाऊन बसला होता. त्याचा नवा क्लब शेवटच्या फेरीच्या आधी हरला. वझलवारांनी कर्जाची साइट उघडली. दर महिन्याला तिथे ‘देय रक्कम ४१२’ असं असायचं. आज तीनशे अकरा होती.

आधी त्यांना बँकेची चूक वाटली. त्यांनी खाली जाऊन नोंद बघितली. एकतीस ऑक्टोबर. भरणा, एकशे एक डॉलर. भरणाऱ्याच्या रकान्यात अनीश आर. वझलवार.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच होता. डाव्या गालाच्या आत, दाढेच्या जागी, काहीतरी बारीक ठणकल्यासारखं झालं.

मग त्यांनी उरलेले तीनशे अकरा भरले, ड्रॉवरमधली घरची वही काढली आणि लिहायला बसले. खर्च: तीनशे अकरा. त्याखालची ओळ जमेची होती. जमेच्या बाजूला त्यांनी तारीख लिहिली, एकशे एक लिहिले, आणि नाव लिहायला पेन टेकवलं.

“अहो, जेवायला वाढू का?” नीलाने आतून विचारलं.

“थांब,” ते म्हणाले. “एक नोंद राहिलीय.”