मीठ, बंदरं आणि आईचं लग्न

आईला लग्न करायचंय हे तिने मला भांडी घासताना सांगितलं. ती घासत होती, मी पुसत होते. काचेची सगळी भांडी तिने आधीच धुऊन कपाटात ठेवली होती आणि माझ्या हातात फक्त एक डाव होता. आई मला चांगली ओळखते.

माणूस कोण, तर चष्मेवाला. चौकात त्याचं दुकान आहे. ओळख कुठे झाली, तर खेळताना. बॅडमिंटन वगैरे नाही हं, त्यात निदान घाम तरी येतो. पुठ्ठ्याचा नकाशा, लाकडाच्या होड्या, आणि एक खेळ दोन दिवस चालतो. घोडे झालेली, कामधंदा असलेली माणसं शनिवारी सकाळी बसतात ती रविवारी संध्याकाळी उठतात, आणि वर मलाच विचारतात, तू दिवसभर करतेस काय.

मी डाव आपटला. आई म्हणाली, "या शनिवार-रविवारी तू चल. खेळ. त्याला बघ. रविवारी संध्याकाळी मला हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर नाही."

मी विचारलं, खरंच? ती म्हणाली, खरंच. पण पूर्ण बसायचं, मधूनच उठून आलेल्या माणसाचं मत मी धरणार नाही. हे खास मला होतं. शाळा मी मधूनच सोडली. बेकरी सोडली, झेरॉक्सचं दुकान सोडलं, फुलवाल्याकडचं काम तर सकाळी धरून दुपारी सोडलं. पण नाही म्हणायला दोन दिवस बसायचं, एवढंच ना? मी तयार झाले. 'नाही' तर माझं घरूनच ठरलेलं होतं, फक्त कारणं गोळा करायची होती.

खेळायची जागा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली, पाण्याच्या पंपाला लागून. पंप सुरू झाला की बोलणं बंद, आणि तेवढाच काय तो आराम. टेबल दोन जुनी दारं जोडून केलेलं, एका दाराला अजून कडी तशीच. यजमान, म्हणजे या सगळ्यांचा म्होरक्या, लिफ्टवाला काका. आसपासच्या सगळ्या लिफ्ट तोच दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलायची सवय असल्यामुळे त्याचा आवाज कायम धीर देणारा. "नियम फक्त अठ्ठेचाळीस पानांचे आहेत," हेसुद्धा तो असं म्हणाला की जणू आता दार उघडतंच आहे.

चौथी, जुळ्यांची आई. तिचं म्हणणं, घरी दोघं सारखी रडतात, इथे चौघं अधूनमधून रडतात, म्हणून ती येते. पाचवी मी.

खेळ मी थोडक्यात सांगते, कारण लिफ्टवाल्याने सांगितला नाही. एक नदी आहे. तिच्या काठी बंदरं बांधायची. बंदराला मीठ लागतं. मीठ म्हणजे पांढरे लाकडी ठोकळे, ते मधल्या वाडग्यात. होड्या जमवून दुसऱ्याचं बंदर जाळता येतं. शेवटी ज्याची बंदरं जास्त तो जिंकला. झालं. एवढ्यासाठी आमची अख्खी सकाळ गेली. आणि पुस्तकात नसलेले, यांनी यांचेच केलेले दोन नियम. एक, टेबलावरचं भांडण टेबलावर. दोन, लबाडी करताना जो सापडेल त्याने उरलेला दिवस सगळ्यांना चहा करून द्यायचा.

आता चष्मेवाला. उंच, वाकलेला, स्वतःच्या चष्म्याची दांडी टेपने चिकटवलेली. बिस्किट चहात इतका वेळ धरतो की ते तुटून पडतं, मग चमच्याने काढून खातो. प्रत्येक वेळी. शिकत नाही. मला म्हणाला, तुझ्याबद्दल ऐकलंय, तू फार चिडतेस. मी म्हटलं, तुमच्याबद्दल मी काहीच ऐकलं नव्हतं. तो खो खो हसला. शाळेबद्दल एक अक्षर विचारलं नाही, ते मला जास्तच संशयास्पद वाटलं. मोठी माणसं भेटल्या भेटल्या शाळेवर येत नाहीत तेव्हा घरी आधी मीटिंग झालेली असते.

माझा हिशोब सरळ होता. हा आईला खेळात सांभाळून घेणार, मुद्दाम हरणार, 'आधी तुम्ही' करणार, आणि मी त्याला ढोंगी म्हणून नापास करणार.

जेवणानंतर त्याने पहिल्या फटक्यात आईचं सगळ्यात मोठं बंदर जाळलं.

म्हणजे अगदी मन लावून. तीन बाजूंनी होड्या आणल्या, वर तिचं मीठ उचलताना एकेक ठोकळा मोजत गुणगुणत होता. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. तर आई खुर्चीत पुढे सरकून त्याला म्हणाली, तुमचं वाटोळं होवो, आणि बाह्या वर केल्या. ठीक आहे. ढोंगी नाही तर निर्दयी. नापास व्हायला दोन्हीकडून सोय होती.

पण मला पक्का पुरावा हवा होता. चहाच्या सुट्टीत तो जिन्यापाशी एकटा उभा होता तेव्हा मी जाऊन म्हटलं, आपण दोघं मिळून आईला संपवू या का, वरची नदी तुम्ही घ्या, खालची मला द्या. मला वाटलं, निदान जरा कसनुसा होईल. बाईशी लग्न करायचंय, आणि तिची पोरगी तिलाच लुटायचं म्हणतेय. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "खालची तुला, पण वळणावरचं बंदर माझं," म्हणाला आणि हात पुढे केला.

मिळाला पुरावा. विकलं माझ्या आईला, एका वळणासाठी.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिला जवळजवळ संपवलं. मग लिफ्टवाल्याने मांडलेला खेळ तसाच ठेवून वर चादर घातली, कोपरे खुर्च्यांना बांधले. चादर आईने आणलेली, इस्पितळातली, बाद झालेली. ती तिथल्या धुलाई विभागात सुपरवायझर आहे.

घरी मी वाट बघत होते की ती आता काहीतरी बोलेल. तिने काय करावं, तर दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून जेवणाच्या टेबलावर नदीसारखे मांडले आणि ताट त्यांच्या शेजारी घेऊन बसून जेवली. बसून. बाबा घर सोडून गेल्यापासून आई ओट्यापाशी उभ्याने जेवते. एका माणसासाठी काय ताट मांडायचं, म्हणते. मी समोर बसलेली असते, पण ते असो.

"मला माहितीये तुम्ही दोघं एक झालात," ती चिमटा सरकवत म्हणाली. "उद्या बघते."

मला राग आला. का ते कळलं नाही, म्हणून जास्तच आला.

रविवारी आई खरंच उठून उभी राहिली, म्हणजे नदीवर. जुळ्यांच्या आईशी तिने सकाळीच काहीतरी जमवलं होतं. दुपारी तर ती एका बंदराने पुढे जाणार अशी वेळ आली. बंदर बांधायला तिला दोन मीठ कमी होतं. आणि तेव्हा मी बघितलं.

पंप सुरू झाला होता. लिफ्टवाला पुस्तकात डोकं घालून बसलेला, जुळ्यांच्या आईचे डोळे मिटलेले. आईने वाडग्यातून आपल्या वाट्याचे तीन ठोकळे घेतले आणि करंगळीने आणखी दोन ओढले.

माझी आई. चादरी मोजताना उशीचा एक अभ्रा जास्त निघाला तर जिला झोप लागत नाही, ती. मी बघितलं, आणि मान वर केली तर चष्मेवाल्यानेही बघितलं होतं. मला तेही दिसलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तोंड उघडाल तर याद राखा.

पंप बंद झाला. तो म्हणाला, "पाच झाले. दोन परत ठेवा."

अगदी साध्या आवाजात, शेजारच्याला बुटाची नाडी सुटलीय सांगावं तसं. लिफ्टवाल्याने वर बघितलं. जुळ्यांच्या आईने डोळे उघडले. आई कानापर्यंत लाल झाली.

माझं डोकंच फिरलं. मी उठले, खुर्ची मागे पडली. मी त्याला म्हटलं, लाकडाच्या दोन तुकड्यांसाठी तुम्ही तिला चारचौघांत चोर ठरवता? लाज वाटते का? टेप लावलेल्या चष्म्यातून बरं दिसतं तुम्हाला. अजूनही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही. मग बाहेर आले आणि दार आपटलं. ते दार आपटता येत नाही, त्याला वरती दार हळूहळू मिटवणारा तो दांडा आहे. मी ढकलतेय आणि ते आपलं सावकाश मिटतंय. आतून सगळे बघतायत. यासारखा अपमान नाही.

बाहेर पंपाच्या कट्ट्यावर बसले. थोड्या वेळाने आई आली. मला वाटलं रडली असेल. ती हसू दाबत होती.

"चोरले गं मी," ती म्हणाली. "काय झालं मलाच कळलं नाही. हात गेला."

मी म्हटलं, त्याने गप्प बसायला हवं होतं.

आई शेजारी बसली. म्हणाली, "तुझे बाबा गप्प बसायचे. काय झालं विचारलं की 'काही नाही'. आणि गेले त्या दिवशी अकरा वर्षांचं सगळं एकदम काढलं. दारात उभं राहून. तेव्हापासून मला कुणी काही म्हणत नाही. कामावर म्हणत नाहीत, नातेवाईक म्हणत नाहीत. मी चुकीच्या चादरी पाठवल्या तरी म्हणतात, असू दे, बिचारी. तू सगळ्या जगावर ओरडतेस, पण माझ्यावर ओरडतेस का कधी?"

मी आठवून बघितलं. डाव आपटला होता, पण तो ओट्यावर.

मला ते बोलणं आवडलं नव्हतं, आणि खोटं ठरवताही येत नव्हतं. मी म्हटलं, माझं 'नाही' आत्ताच घेऊन टाक. ती उठून कपडे झटकत म्हणाली, संध्याकाळ झालेली नाही अजून. आणि तुझी पाळी आलीय, लिफ्टवाले कासावीस झालेत.

आत गेले तर सगळे आपापल्या होड्यांकडे बघत होते, जणू होड्या आता काहीतरी बोलणार आहेत. चष्मेवाला माफी मागेल असं वाटलं होतं. एवढं तर येतं ना माणसाला? ज्या पोरीच्या एका शब्दावर सगळं अडलंय तिच्याशी जरा गोड बोलावं. तो म्हणाला, खुर्ची उचल, तुझी पाळी आहे.

बरं. मी खुर्ची उचलली. बसले. आणि मग मी वाडग्यात हात घातला आणि माझ्या वाट्याचा एक ठोकळा घेतला, आणि वर आणखी तीन घेतले. लपवून नाही. एकेक करून, टेबलावर ठक ठक ठेवत, त्याच्या डोळ्यांत बघत.

म्हणजे त्याला नीट कळावं. आईला टोकणं सोपं आहे, आई तुझ्याच बाजूची आहे. आता मला टोकून दाखव. तासाभरात मी हो किंवा नाही म्हणणार आहे, हे तुलाही माहीत आहे. बघू तुझा साधा आवाज.

लिफ्टवाल्याने पुस्तक तोंडासमोर धरलं. जुळ्यांच्या आईला खोकला आला. आई माझ्याकडे बघतच नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिने टेबलाची ती कडी मुठीत घट्ट धरली होती.

तो गप्प बसला. बराच वेळ. त्याने आपली एक होडी उचलली, परत तिथेच ठेवली. घाबरला होता तो, मला स्वच्छ दिसत होतं. इतकं मोठं माणूस माझ्यासारख्या पोरीला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, संपलं. आता हसेल, आणि 'असू दे' म्हणेल.

"तीन जास्त आहेत," तो म्हणाला. आवाज थोडा फाटला. "परत ठेव. आणि आता तूही चहाला."

मी परत ठेवले. ठक, ठक, ठक.

चहाची जागा म्हणजे मागे एक बेसिन आणि एक विजेची किटली. आम्ही दोघी गुन्हेगार तिथे उभ्या. आई कप धूत होती. मी बघितलं, एकच कप ती मगापासून धुतेय. विचारत नव्हती काही. वचन ते वचन, संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ. तिला असं वाट बघताना बघवेना मला.

मी म्हटलं, "हो."

"काय हो?"

"पुन्हा विचारशील तर नाही."

तिने नळ बंद केला. मग मी पटापट बोलून घेतलं, की तो बिस्किटं बुडवतो ते मला बघवत नाही, घरात त्याने गुणगुणायचं नाही, आणि मी त्याला बाबा बिबा काही म्हणणार नाही. आई म्हणाली, त्याच्याशी तूच बोल, मी मध्ये पडणार नाही. आणि ओल्या हाताने माझा गाल ओढला. मी हात झटकला. थोडा उशिरा झटकला.

ट्रे घेऊन बाहेर आलो, तर तेवढ्या वेळात चष्मेवाल्याने माझं वळणाजवळचं बंदर जाळून ठेवलं होतं. माझ्याशी हातमिळवणी केलेल्या माणसाने. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, तह शनिवारचा होता.

आईने त्याच्यापुढे कप ठेवला आणि म्हणाली, "ती हो म्हणालीय."

त्याने चष्मा काढला. शर्टाला पुसला, घातला, परत काढला. मी म्हटलं, रडायचं असेल तर पाळी सोडा, लोक थांबलेत. नाही नाही, खेळतो, म्हणाला, आणि चष्मा हातातच ठेवून त्याने एक होडी उचलली आणि फार विचारपूर्वक नदीच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

आम्ही सगळे त्या होडीकडे बघत राहिलो. शेवटी लिफ्टवाल्याने त्याच्या त्या धीर देणाऱ्या आवाजात त्याला सांगितलं, की ती होडी तुमची नाही, जुळ्यांच्या आईची आहे.