तेविसाव्या बारातली मात्रा

तान्हा सम्यक झोळीत झोपला की प्रेरणाला तास-सव्वा तास मिळायचा. तेवढ्यात भांडी घासायची की कॉम्प्युटर उघडायचा, हा रोजचा झगडा. हाती लिहिलेलं नोटेशन कॉम्प्युटरवर उतरवून छापून द्यायची कामं ती घरूनच करायची. आज भांडी तशीच राहिली. उद्या बद्रीनाथ मास्तरांचं वर्षश्राद्ध होतं. त्यांनी बांधलेली पाठवणीची धून त्यांच्याच दारात वाजवायचं बँडवाल्यांनी ठरवलं होतं, आणि नव्या पोरांपैकी ती कुणालाच येत नव्हती. संध्याकाळपर्यंत छापलेले कागद पोरांच्या हातात पडले तरच जमणार होतं.

मास्तर तरुणपणी फौजेच्या बँडात होते. तिथं शिकलेलं पाच रेघांचं नोटेशन त्यांनी जन्मभर सोडलं नाही. पुढं छावणीतल्या लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवू लागले, तरी प्रत्येक धून वहीत उतरवलेली. ती एकुलती एक वही घेऊन त्यांची बायको भागूबाई आणि क्लॅरिनेटवाले गयासचाचा रिक्षानं पडेगावला प्रेरणाकडं आले होते. वही परक्या घरी सोडून जायला भागूबाई तयार नव्हती. म्हणून दोघंही पंख्याखाली बसून राहिले.

प्रेरणानं पानांचे फोटो सॉफ्टवेअरला वाचायला दिले. त्यानं वाचलं, पण वाटेल तसं. कुठं सुराची शेपटी गाळली, कुठं रेघ वाढवली. चहाच्या डागाचा तर चांगला ठसठशीत सूर करून ठेवला.

"बद्रीचा चहा पण सुरात हाय का?" चष्मा वर सारत गयासचाचा म्हणाले.

"अर्धा कप रोज वहीवर सांडायचेच ते," भागूबाई म्हणाली. "लई बोलले मी, पण ऐकतंय कोण!"

प्रेरणा हसली. एका पायानं झोळीला हलकासा झोका देत एकेक चूक पुसू लागली. तेविसाव्या बारावर, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तेविसाव्या घरावर, मात्र सॉफ्टवेअरनं लाल खूण केली. प्रत्येक बारात चार मात्रा, इथं पाच. वहीत पाहिलं तर सगळं काळ्या शाईत आणि ही एक विश्रामाची, मात्राभर थांबायची खूण तेवढी निळ्या पेनानं, दोन सुरांच्या मधे कशीबशी कोंबलेली. हात चुकला असेल, असं म्हणून तिनं ती काढली. लाल खूण गेली. तिनं धून लावली.

गयासचाचांची बोटं मांडीवर चालू होती. तेविसाव्या बारापाशी थांबली आणि मागं पडली.

"बेटा, थांबा कुठं गेला?"

"चाचा, तिथं एक मात्रा जास्त होती. चूक होती ती."

"चूक नाय ती." चाचा म्हणाले. "शेवटची चार वर्सं बद्रीला दमा. तिथला सूर लांब. एका दमात पुरा व्हायचा नाय. मग त्यानंच लिवलं, इथं थांबा. तो श्वास घ्यायचा आन् आमी सगळे थांबायचो. ढोलवाला बी. गाडीत बसताना नवरी बी तिथं थबकायची. लोकांना वाटायचं, धूनच अशी हाय."

प्रेरणाचा चेहरा उतरला. त्या माणसाचा श्वास आपण चूक म्हणून पुसला. तिनं घाईघाईनं तो बार पाच मात्रांचा केला, विश्राम जागेवर ठेवला, आणि धून पुन्हा लावली. सूर चढला, थांबला, पुढं गेला.

"आता बराबर," चाचा म्हणाले. "आता बद्री आला."

भागूबाईनं मात्र पदराचा शेव मुठीत धरला होता.

"काढ पोरी ते," ती म्हणाली.

"भाभी, त्याच्या हातचं हाय ना?"

"व्हय, त्यांच्याच हातचं." तिचा आवाज चढला नाही. "तुमी वाजवत होता, गयासभाई. दमा लागल्यापासून मी सोबत यायची, वरातीच्या मागं मांडवाच्या फाटकापाशी उभी असायची. ती जागा आली की माझा जीव गळ्याशी. आता घेतात का श्वास, का तिथंच बसतात खाली? एकदा क्रांती चौकात बसलेच की नाय? तुमाला ती धून वाटती. मला ते त्यांचं धापणं ऐकू येतंय."

चाचांनी मांडीवरची बोटं मिटून घेतली.

"आधी तर एका दमात वाजवायचे," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या पाठवणीला वाजवली तशी. आता कुठं दम लागतोय त्यांना?"

प्रेरणानं चाचांकडं पाहिलं. त्यांनी वहीतल्या निळ्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "काढ बेटा. वहीत राहू दे. पोरांच्या कागदावर नको."

तिनं खूण निवडली. बोट क्षणभर बटणावर तसंच राहिलं. मग दाबलं.

धून लागली. लांब सूर चढत गेला, चढतच गेला आणि कुठंही न अडखळता पलीकडं उतरला. चाचांचं बोट सवयीनं थांबलं, मग धावत सुराला जाऊन मिळालं. भागूबाईनं डोळे मिटले होते. मुठीतला पदर हळूहळू सुटला.

धून संपली. झोळीत सम्यक चुळबुळला.

"जागा झाला वाटतं," प्रेरणा कुजबुजली.

"मी धरते त्याला," उठत भागूबाई म्हणाली. "तू अजून एकदा लाव."