फेसावरची चेरी

"लिंबू डॉक्टरांनी बंद केलंय म्हणतोस, मग माशावर पिळतोयस ते काय?"

अर्डिथने असं रंगेहाथ पकडल्यावर व्हर्जिलने लिंबाची फोड हळूच ताटाच्या कडेला ठेवली.

केंटकीतल्या त्या लहानशा गावात व्हर्जिलने चाळीस वर्षं बर्बन व्हिस्कीची लाकडी पिंपं बांधली आणि बारच्या काउंटरमागे उभं राहून अर्डिथने एकतीस वर्षं त्याला व्हिस्की सावर पाजली. बर्बन, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्यातला पांढरा भाग. झाकणबंद शेकरमध्ये आधी बर्फाशिवाय, मग बर्फ घालून, खांदा भरून येईपर्यंत हलवायची. वर ठेवलेली चेरी बुडता कामा नये, असा फेस उभा राहायला हवा. बाटलीतलं तयार मिश्रण ओतणाऱ्यांना अर्डिथ माणसांत धरत नसे.

पण गेले तीन आठवडे डॉक्टरांचं निमित्त सांगून व्हर्जिल नुसती कोरी बर्बन घेत होता.

"कीव करतोस माझी?"

"खांदा गेलाय तुझा, बाई. मागे शेकर हलवताना डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या. आणि चेरी बुडाली, तेही पाहिलं मी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"शेकर डोक्यात घातला असतास माझ्या!"

ते खरंच होतं. अर्डिथला हसू आलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्या बोटभर फेसावर ती एवढी वर्षं ताठ मानेने जगली होती. तिने हातातलं फडकं टाकलं आणि आत यायच्या वाटेवरची काउंटरची फळी उचलली. त्या फळीच्या आत तिने मालकालाही कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"ये आत. आधी हात धू."

माप तिने घातलं, अंडं तिने फोडलं. शेकर त्याच्या रांगड्या हातांत दिला आणि डोळे मिटून आवाज ऐकत राहिली.

"ताक घुसळतोयस का? जोरात! अजून... आता बर्फ घाल... अजून... बास."

फेस चढला. व्हर्जिलने श्वास रोखून चेरी ठेवली. ती जराशी कलली आणि थांबली.

"तिकडे जाऊन बस," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या जागी."

अर्डिथ त्या उंच स्टुलावर आयुष्यात पहिल्यांदा बसली. तिने एक घोट घेतला.

"कशी झालीय?"

"लिंबू जास्त झालंय," ती डोळे पुसत म्हणाली. लिंबाचं माप तिचंच होतं. "उद्या साडेतीनला ये. लोक यायच्या आत तुझा हात बसायला हवा."

त्या दिवशी घरी जाताना काउंटरची फळी तिने खाली टाकली नाही.