टॉवेलला कुठला रोग झाला होता?

"आली, आली! मुळी आली!"

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल टाळ्यांनी दणाणला. खुर्च्या कधीच संपल्या होत्या, जिन्यातही माणसं टाचा उंचावून उभी होती. मधल्या खुर्चीत गळ्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळून लाँड्रीवाला बसला होता. त्याच्या कानामागून मुळीवाल्या गुरुजींनी चिमट्याने एक जाड, काळी खपली उचलली. तिच्याखाली दोन-चार तंतू लोंबत होते.

"ही बघा मुळी! सर्जन वरवर कापतात, आम्ही मुळासकट उपटतो. औषधाला अक्कल आहे, मंडळी! रोग दिसला की धरतं, निरोगी कातडी दिसली की माफी मागून पुढे जातं. खोटं वाटतं?" गुरुजींनी डबीतला काळा लेप स्वतःच्या तळहातावर चोळला, थोडं थांबून टॉवेलने पुसला आणि हात वर केला. "आम्ही ठणठणीत, म्हणून औषध गप्प!"

पुन्हा टाळ्या. मागच्या रांगेत बसलेल्या लाँड्रीवालीचे हात मात्र मांडीवरून उठेनात. नवऱ्याची गाठ गेली याचा आनंद तिला व्हायला हवा होता, पण तिला नुसती भीती वाटत होती.

ती गाठ जांभळट होती, दुखत नव्हती आणि बघता बघता द्राक्षाएवढी झाली होती. नवऱ्याची भाची इस्पितळाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर, सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासणारी. तिने गाठीचा तुकडा पाहून सांगितलं होतं, "मामा, हा कातडीचा दुर्मिळ कर्करोग आहे आणि तो घाईत आहे. आपणही घाई करू." ऑपरेशनची तारीख ठरली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने गुरुजींचं नाव सुचवलं आणि नवऱ्याने तारीख रद्द करून टाकली.

"अहो, तारीख परत घेऊ या ना," लाँड्रीवाली घरी म्हणाली.

"कशाला? गाठ आहे कुठे? दाखव बघू!" गुरुजींनी बाटलीत घालून दिलेली मुळी त्याने कौतुकाने कपाटावर ठेवली होती. उपकाराची फेड म्हणून हॉलमधले सगळे टॉवेल फुकट धुवायचंही कबूल करून आला होता.

त्या टॉवेलांनीच तिची झोप उडवली. रुग्णांच्या गळ्याभोवतीच्या टॉवेलांवर जिथे लेप सांडला होता, तिथे इस्त्री फिरवताच भोकं पडली.

"तुझी इस्त्री तापली असेल," नवरा म्हणाला.

इस्त्री तापली असती तर एक टॉवेल तेवढा कसा वाचला? गुरुजी ज्याला हात पुसायचे, त्या टॉवेलवरही तसेच काळे डाग होते. ते साबणाने साफ निघाले आणि कापड शाबूत राहिलं. औषध एकच, मग हा दुजाभाव कसला? तिने भोकांचा एक टॉवेल बाजूला काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची कॉलर नीट करताना तिच्या बोटांना कानाखाली, मानेत, काहीतरी टणक लागलं. वालाच्या दाण्याएवढं. नवऱ्याला काही न बोलता तिने टॉवेल आणि मुळीची बाटली पिशवीत घातली आणि थेट भाचीची प्रयोगशाळा गाठली.

पुढच्या बैठकीला गुरुजींनी लाँड्रीवाल्याला साक्ष द्यायला उभं केलं. तो तोंड उघडणार, तोच मागून बायकोचा आवाज आला.

"गुरुजी, एक शंका आहे."

"शंका हाच सगळ्यात मोठा रोग, ताई!"

"मग तोही काढा की." लोक हसले. ती पुढे आली आणि टेबलावर टॉवेल पसरला. "औषध फक्त रोगालाच धरतं ना? मग या टॉवेलला कुठला रोग झाला होता?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"तुमच्या हात पुसायच्या टॉवेलला मात्र एकही भोक नाही." तिने रुग्णाच्या खुर्चीजवळची डबी उचलून त्यांच्यापुढे धरली. "यातलं लावा बरं तळहाताला."

गुरुजींचे हात झटकन पाठीमागे गेले. "ती... ती रोग्यांची डबी आहे."

"म्हणजे डब्या दोन आहेत?" जिन्यातून एक आजोबा ओरडले.

आता तिच्याबरोबर आलेली भाची उठली. "मी टॉवेल तपासून घेतला. रुग्णांच्या लेपात जाळणारा क्षार आहे. तो चांगलं-वाईट काही बघत नाही, सापडेल ते जाळतो. मामांची मुळीही पाहिली. ती म्हणजे भाजून मेलेली कातडी, आणि तंतू म्हणजे वाळलेलं रक्त नि पू. कर्करोगाला मुळी नसतेच."

"मग असतं काय?" लाँड्रीवाल्याने चिडून विचारलं.

"मामा, तुम्ही वर्षानुवर्षं गच्चीवर उघड्या डोक्याने गालिचे वाळवलेत. उन्हाने पेशींमधली जनुकं बिघडत गेली. वाढ आवरणारी जनुकं बंद पडली की पेशी सुसाट सुटते. आणि ती एकटी राहत नाही. शेजारच्या पेशींना फितवते, स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेते, शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगी आणते. सगळी आळीच बिघडवते. गुरुजींनी वरचा दरवाजा जाळला. आळी आत तशीच आहे."

"पण मला तर काहीच दिसत नाही!"

लाँड्रीवाली त्याच्याजवळ गेली. "गालिचा उलटून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, वरचा डाग गेला तरी खालून परत वर येतो, हे मला कोणी शिकवलं?" तिने त्याचं बोट धरून कॉलरखाली टेकवलं. "हे काय आहे, सांगा ना."

तो बराच वेळ चाचपत राहिला. मग लहान मुलासारखा भाचीकडे वळला. "तारीख... मिळेल का गं पुन्हा?"

गुरुजींना एकदम ध्यानाची वेळ आठवली. पाहता पाहता ते मागच्या जिन्याने पसार झाले. दोन्ही डब्या मात्र टेबलावरच राहिल्या आणि भाचीने त्या उचलून तक्रारीसाठी जपून ठेवल्या.

ऑपरेशन झालं, पण आधी ठरलं होतं त्यापेक्षा मोठं. मानेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला होता. आता गुंगलेल्या पहारेकऱ्यांना जागं करणारं औषध चालू आहे. डॉक्टर 'नक्की' म्हणत नाहीत, 'तपासत राहू' म्हणतात. गुरुजी प्रत्येक वाक्यात 'नक्की' म्हणायचे. लाँड्रीवालीचा विश्वास आता 'तपासत राहू'वर आहे.

भोकांचा टॉवेल दुकानात टांगलेला आहे. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, तुमच्याकडून जळला का? मग लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवतो आणि मान वळवून कानामागचा लांब व्रण दाखवतो.

"चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणावं, माझी डबी तू तुझ्या हाताला लाव. नाही म्हणाला तर उठा आणि सरळ डॉक्टरकडे जा. माझा वेळ गेला. तुमचा घालवू नका."