अर्धी साडी

माझी बायको अनसूया कॅन्सरने गेली नाही. हे आधीच सांगतो, कारण लोक तसंच धरून चालतात. डाव्या स्तनाचा कॅन्सर तिने हरवला होता. ऑपरेशन झालं, छातीला किरणं दिली, आणि त्यानंतर अठरा वर्षं ती भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरात जगली. मुलीचं लग्न केलं, नातवंडं वाढवली. मागच्या वर्षी तिचं हृदय थकलं आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, त्या काळी दिलेल्या किरणांचा थोडा वाटा हृदयालाही गेला असेल, नक्की सांगता येणार नाही.

यंदा आमच्या त्याच मुलीला, संघप्रियाला, तोच आजार निघाला. तीच डावी बाजू.

ऑपरेशन झालं, केमो झाली. केमोनंतर तिच्या हृदयाची ताकद जराशी कमी भरली. आता किरणांची पाळी होती. जावई उदय कामावर, मुलं शाळेत, म्हणून ती बेव्हर्ली पार्कचं घर त्यांच्यावर टाकून माझ्याकडे राहायला आली आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या.

तिथे कौस्तुभ भेटला. तिशीतला मुलगा, चष्मा, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "काका, मी डॉक्टर नाही. मेडिकल फिजिसिस्ट. किरणं कुठे आणि किती जाणार हे ठरवणं माझं काम."

मी म्हटलं, "हृदयात किती जाणार ते सांग."

त्याने कागद ओढून छातीचं चित्र काढलं. हृदय छातीच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेलं असतं. माणसाने पूर्ण श्वास घेऊन धरून ठेवला की फुप्फुस फुगतं, छाती वर येते आणि हृदय खाली, मागे सरकतं. मधे जागा होते. तेवढ्याच वेळात किरणं द्यायची. श्वास सुटला की यंत्र थांबतं.

"छताला कॅमेरा आहे, तो छाती बघत असतो," तो म्हणाला. "पेशंटला समोर एक पट्टी दिसते. छाती पुरेशी वर आली की पट्टी हिरव्या खुणेत जाते. वीस-पंचवीस सेकंद तिथेच ठेवायची."

"नाही ठेवली तर?"

"तर साध्या श्वासात देऊ. तेही चांगलंच असतं, आताची यंत्रं पूर्वीची नाहीत. पण ह्यांचं हृदय केमोने थोडं कमजोर झालंय. म्हणून मला ती जागा हवीय."

मलाही हवी होती. मला तर त्याच्यापेक्षा जास्त हवी होती.

पहिल्या दिवशी संघप्रियाला काही जमलं नाही. टेबलावर झोपली की धरलेला श्वास दोन-तीन सेकंदांतच सुटायचा. कौस्तुभने घरी सराव करायला सांगितलं. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

हे मी उगाच म्हटलं नाही. नोकरी मी गोदीत केली, पण तरुणपणापासून आमच्या भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवली. एप्रिलमध्ये आम्ही घरी फक्त कपडे बदलायला यायचो. संघप्रिया शाळेत होती तेव्हापासून आमच्या कोरसमध्ये. श्वास हा तर आमचा धंदा.

चटईवर तिला आडवी केली. "खांदे हलता कामा नयेत. छातीत भरलेला श्वास टिकत नाही. पोटात भर, बेंबीच्या खाली."

"माहितेय, बाबा. कोरसमध्ये शिकवताना बबनमास्तर पाठीत बुक्का घालायचे."

"मग मशीनसमोर काय झालं?"

"मशीनसमोर बबनमास्तर नव्हते."

मी पेटीवर सा धरायचो. तो सुरू झाला की तिने श्वास धरायचा, मी भाता थांबवला की सोडायचा. रोज सकाळ-संध्याकाळ. शेजारच्या गिरिजाताई दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, एकच सूर किती वेळ? पेटी अडकली की काय?"

आठवड्यात पोरगी अशी तयार झाली की माझाच हात दुखायला लागायचा, तिचा श्वास सुटायचा नाही. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात जाताना मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

कौस्तुभ बाहेर आला तो डोकं खाजवत. "काका, श्वास किती वेळ धरतात त्या. इथे एवढा कुणी धरत नाही."

मी पाय पसरून बसलो.

"पण पट्टी हिरव्यात आलीच नाही. छाती जागची हलली नाही. सगळा श्वास पोटात गेला."

"पोटातच घ्यायचा असतो."

"असं कुणी सांगितलं?"

त्याच्या मागून संघप्रिया गाऊन सारखा करत आली. "ह्यांनीच," ती म्हणाली.

मी पाय जवळ घेतले. कौस्तुभ हसला नाही, हे त्याचं मला बरं वाटलं. गाण्यासाठी बरोबर आहे, म्हणाला, पण कॅमेऱ्याला पोट नको, छाती हवी. आणि संघप्रियाच्या बाबतीत त्याने तपासलं होतं, पोटातल्या श्वासाने पुरेशी जागा होत नव्हती. सोमवारी शेवटचं स्कॅन. त्यावरून पुढचं सगळं ठरणार. ऑपरेशनला बरेच दिवस झाले होते, तारीख आणखी पुढे नेता येत नव्हती.

मग त्याने दोन पट्टे दिले, रबरासारखे, एकेक छोटी डबी लावलेले. घरच्या सरावावर त्याचं संशोधन चालू होतं. संघप्रियाने त्यात भाग घ्यायला सही केली होती. एक पट्टा छातीवर, एक पोटावर. फोनवर दोन रेषा दिसतात. छातीची निळी, पोटाची केशरी. "निळी वर गेली पाहिजे," तो म्हणाला. "केशरी जेवढी खाली राहील तेवढं बरं."

परत येताना काशीमीऱ्याला ट्रकच्या रांगेत रिक्षा अडकली. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, आधा घंटा पकड़ के चलो." संघप्रिया बाहेर बघत म्हणाली,

"बाबा, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"सोमवारपर्यंत पेटी बाहेर काढू नका."

घरी आल्यावर रेषा बघितल्या. कौस्तुभचं खरं होतं. केशरी रेषा डोंगरासारखी चढत होती आणि निळी आडवी पडलेली. छातीत घे म्हटलं की ती खांदे उचलायची. खांदे दाबले की पाठ उचलायची, आणि पाठ उचललेली यंत्राला चालत नाही. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय दोन दिवसांत कशी जाणार? शनिवारी दुपारी ती उठून बसली आणि पट्टा काढून चटईवर टाकला.

"माझं पोट कुणीतरी बांधून ठेवायला पाहिजे," ती वैतागून म्हणाली. आणि मग एकदम आपल्या पोटाकडे बघायला लागली.

"काय झालं?"

"आईने बांधलं होतं." ती माझ्याकडे बघत होती. "साईराज झाला तेव्हा. इथेच, ह्या खोलीत. जुन्या साडीने पोट आवळायची बाळंतपणानंतर. मी ओरडायचे, आई, श्वास घेता येत नाहीये. ती म्हणायची, वरून घे की, वर जागा नाही का?"

ते मलाही आठवलं. त्या दिवसांत मी बाहेरच्या खोलीत बसायचो, पण अनसूयाचा आवाज भिंतीपलीकडेही ऐकू यायचा.

संघप्रियाने कौस्तुभला फोन लावला. तो म्हणाला, चालेल, पोटावर दाब देणं आम्हीही कधीकधी वापरतो. जखमेपासून लांब, खाली बांधा. दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच सोडा. आणि नंतर सैल करत करत काढून टाका, कारण स्कॅनला काही बांधलेलं नको, छातीत घ्यायची सवय हवी.

"मांजरपाटाचं कापड आणते बाजारातून," ती म्हणाली.

ती तसं का म्हणाली ते मला माहीत होतं. अनसूयाच्या साड्या आम्ही वाटून टाकल्या. मी एकच ठेवली, सुती, निळ्या काठाची, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती मी रात्री पांघरतो. ह्यावर घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

मी आत जाऊन ती आणली.

पोट बांधायला गिरिजाताईंना बोलावलं. त्यांनी साडी हातात घेऊन बघितली. "भाऊ, अख्खी गुंडाळली तर गठ्ठा होईल. उभी फाडायला लागेल. माझ्याकडे जुनी आहे, ती आणू?"

"नको," मी म्हणालो.

त्यांनी कात्री पुढे केली. तीही नको म्हटलं. सुती कापड टोकाला जरा कापलं की सरळ फाटत जातं. मी दाताने टोक तोडलं आणि दोन्ही हातांनी फाडत गेलो. आवाज मोठा होतो. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे फाडली नसती. अर्धी गिरिजाताईंना दिली, अर्धी घडी करून उशाखाली ठेवली आणि स्वयंपाकघरात चहा टाकला.

"या आता," गिरिजाताईंनी हाक मारली.

संघप्रिया चादर ओढून झोपली होती. फोन गिरिजाताईंच्या हातात. संघप्रियाने श्वास घ्यायला सुरुवात केली, तो पोटाशी अडला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"वरून घे," मी म्हणालो. "वर जागा आहे."

निळी रेषा हलली. आधी थोडी, मग चांगली वर गेली आणि थरथरत तिथे राहिली. केशरी खालीच. गिरिजाताई फोन उलटा-सुलटा करून बघत होत्या. "भाऊ, हे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"मग सांगा तरी. मी आपली श्वास धरून बसलेय."

संघप्रियाला हसू आलं आणि रेषा कोसळली. पुन्हा केलं, पुन्हा आलं. रविवारी गाठ सैल केली. रात्री जेवणाआधी साडी सोडूनच टाकली, आणि तरीही निळी वर गेली.

सोमवारी मी साधाच शर्ट घातला. आत ती गेली, दार बंद झालं. तासाभराने कौस्तुभने मला त्याच्या खोलीत बोलावलं. संघप्रिया आधीच तिथे होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, पण मला बघायचंही होतं.

स्क्रीनवर दोन चित्रं. एक साध्या श्वासातलं, एक भरलेल्या. पहिल्यात हृदय छातीच्या भिंतीला टेकलेलं. दुसऱ्यात ते मागे सरकलेलं आणि मधे काळा पट्टा.

"हे काळं काय?"

"फुप्फुस. म्हणजे हवाच."

मी स्क्रीनवर बोट ठेवून बघितलं. बोट सहज मावत होतं. "एवढी जागा पुरते?"

"ह्यांना पुरते. हृदयाला अगदीच कमी जाईल. सगळे उपचार श्वास धरूनच करू."

मी ते चित्र बराच वेळ बघितलं. अनसूयाच्या वेळी आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला तेव्हा तिथे असं यंत्रही नव्हतं. तिच्या मुलीला ती जागा मिळाली. मी कौस्तुभला म्हटलं, "बरं काम करतोस." त्याने मान हलवली आणि पुढच्या पेशंटची फाइल ओढली.

बाहेर बाकावर उत्तनकडची एक बाई बसली होती, कानात सोन्याच्या कुड्या, हातात तोच कागद, छातीचं चित्र काढलेला. तिची मुलगी तिला समजावत होती. ती म्हणत होती, "न्हाय जमत गो. तो पट्टी वर कर बोलतो, माझा श्वास न्हाय वर जात."

संघप्रिया थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, घरी ती दुसरी अर्धी आहे ना..."

"ती माझी आहे," मी म्हणालो.

ती पुन्हा बाकावरच्या बाईकडे बघायला लागली.

"त्यांच्या घरी जुनी साडी असेलच," मी म्हणालो. "कौस्तुभला विचार, आणि कशी बांधायची ते दाखव. मी थांबतो."

कौस्तुभला विचारून ती परत आली, बाईच्या शेजारी बसली, आणि आपली ओढणी काढून घडी घालायला लागली.

"मावशी, पोट बांधायचं," ती म्हणाली, "आणि वरून घ्यायचा. वर जागा असते."